बीआरडी-४ : जनुकांचे वाचन घडविणारे प्रथिन आणि कर्करोग

मानवी पेशीतील १९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर 'बीआरडी-४' या नावाचे एक जनुक आहे. या जनुकाच्या आराखड्यानुसार तयार होणाऱ्या प्रथिनालाही याच नावाने ओळखले जाते. पेशीकेंद्रकातील क्रोमॅटिनवर ठरावीक जागी जाऊन बसणे आणि तेथील जनुकांचे काम सुरू करून देणे, हे या प्रथिनाचे मुख्य कार्य होय. २००३ साली एका दुर्मीळ आणि अतिशय घातक कर्करोगाचे मूळ या जनुकाच्या मोडतोडीत असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतरच्या दशकात रक्ताचे कर्करोग, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आणि अन्य अनेक कर्करोगांच्या संशोधनात या प्रथिनाचे नाव वारंवार येऊ लागले. त्याला रोखणाऱ्या औषधांचा शोध जगभरातील प्रयोगशाळांत सुरू झाला. मात्र, निरोगी पेशींनाही या प्रथिनाची तितकीच गरज असल्याने हा शोध सोपा ठरलेला नाही.

क्रोमॅटिन म्हणजे काय?

मानवाच्या एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ उलगडला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. हा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेल्या पेशीकेंद्रकात मावतो, तो विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेला असल्यामुळे. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांची एक गुंडी आणि तिच्याभोवती साधारण पावणेदोन वेढे घेतलेला डीएनए, अशी या गुंडाळणीची मूळ रचना आहे. अशा असंख्य गुंड्यांची माळ म्हणजे क्रोमॅटिन.

गुंडाळणीचा हेतू केवळ जागा वाचविणे एवढाच नाही. शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी यकृताचे आणि मेंदूची पेशी मेंदूचे काम करते, कारण प्रत्येक पेशी संपूर्ण संचातील आपल्याला हवी तेवढीच जनुके वापरते. बाकीची घट्ट गुंडाळून मिटलेली राहतात. कोणता भाग उघडा ठेवायचा आणि कोणता मिटायचा, हे हिस्टोन प्रथिनांच्या मोकळ्या टोकांवर लावल्या जाणाऱ्या लहान लहान रासायनिक खुणांवर बरेचसे अवलंबून असते.

अशा खुणांपैकी ॲसिटिल गटाची खूण महत्त्वाची आहे. हिस्टोनवर ही खूण असणे आणि जनुक कार्यरत असणे यांचा संबंध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालीच दाखवून दिला होता. त्यानंतर अनेक वर्षांच्या संशोधनातून या व्यवस्थेतील तीन प्रकारची प्रथिने स्पष्ट झाली. खुणा लावणारी, खुणा पुसणारी आणि खुणा वाचणारी. बीआरडी-४ हे तिसऱ्या प्रकारात, म्हणजे वाचकांच्या गटात मोडते.

नावाचा उगम 'ब्रह्मा'

बीआरडी-४ या नावातील पहिली अक्षरे 'ब्रोमोडोमेन' या शब्दावरून घेतलेली आहेत. या शब्दाचा ब्रोमीन या मूलद्रव्याशी काहीही संबंध नाही. त्याचा उगम फळमाशीवरील संशोधनात आहे. अमेरिकेतील जेम्स केनिसन आणि जॉन टॅमकुन यांनी १९८८ साली फळमाशीच्या शरीराच्या कोणत्या खंडातून कोणता अवयव घडायचा हे ठरविण्यात भाग घेणारी अनेक जनुके शोधून काढली. पेशींचे भवितव्य ठरविणारी ही जनुके असल्याने त्यांना निरनिराळ्या संस्कृतींतील दैवाशी निगडित नावे देण्यात आली. ग्रीक पुराणांतील 'मॉइरा', आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा 'किस्मत' हा शब्द आणि 'ब्रह्मा' ही त्यांपैकी काही नावे.

'ब्रह्मा' जनुकाच्या प्रथिनात सुमारे ११० अमिनो आम्लांचा एक विशिष्ट तुकडा असल्याचे आणि तसाच तुकडा यीस्टपासून मानवापर्यंत अनेक सजीवांच्या प्रथिनांत आढळत असल्याचे १९९२ साली लक्षात आले. त्या तुकड्याला 'ब्रोमोडोमेन' हे नाव मिळाले. त्याचे नेमके काम काय, याचा उलगडा होण्यास आणखी सात वर्षे लागली. न्यूयॉर्क येथील मिंग-मिंग झोऊ यांच्या गटाने १९९९ साली एका ब्रोमोडोमेनची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. त्यात एक खोलगट खाच असून ॲसिटिल खूण असलेले हिस्टोनचे टोक तिच्यात नेमके बसते, असे आढळून आले. मानवी शरीरातील ४६ प्रथिनांत मिळून अशी ६१ ब्रोमोडोमेन आहेत.

प्रथिनाची रचना आणि कार्य

बीआरडी-४ हे 'बेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार प्रथिनांच्या कुटुंबातील एक सदस्य आहे. बीआरडी-२, बीआरडी-३ आणि केवळ वृषणात आढळणारे बीआरडीटी हे बाकीचे तीन सदस्य. या चौघांतही दोन-दोन ब्रोमोडोमेन असतात. बीआरडी-४ जनुकापासून प्रथिनाची एकाहून अधिक रूपे तयार होतात. त्यांतील लांब रूप १,३६२ अमिनो आम्लांचे, तर आखूड रूप ७२२ अमिनो आम्लांचे असते. दोन्ही ब्रोमोडोमेन या दोन्ही रूपांत असतात. आखूड रूपात शेवटचा मोठा भाग नसतो.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. जनुकाचे काम सुरू होताना डीएनएवरील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल तयार केली जाते. ही नक्कल करणारे विकर पुष्कळदा सुरुवातीलाच थोडे अंतर जाऊन थबकते. त्याला पुढे जाऊ देण्यासाठी 'पी-टेफ-बी' नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनसमूहाची मदत लागते. बीआरडी-४ या समूहाला क्रोमॅटिनवर आणते, हे अमेरिकेतील दोन स्वतंत्र संशोधक गटांनी २००५ साली दाखवून दिले. थोडक्यात, ॲसिटिल खूण पाहून योग्य जागी बसायचे आणि थांबलेल्या विकराला वाट मोकळी करून द्यायची, असे या प्रथिनाचे दुहेरी काम आहे.

त्याचे आणखी एक वैशिष्ट्य त्याआधीच लक्षात आले होते. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे घट्ट आवळली जातात आणि जनुकांवर बसलेली बहुतेक नियंत्रक प्रथिने गळून पडतात. बीआरडी-४ मात्र गुणसूत्रांना चिकटून राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केइको ओझातो, अनुप डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. वाचन थांबविताना पुस्तकात खूण ठेवावी, तसे हे प्रथिन विभाजनाच्या काळात जनुकांवर खूण ठेवीत असावे आणि नव्या पेशींना आपले काम पुन्हा सुरू करणे त्यामुळे सोपे जात असावे, अशी मांडणी त्यावरून करण्यात आली.

दोन जनुकांची घातक जोडणी

कर्करोगाशी बीआरडी-४ चा संबंध उघड झाला तो 'नट कार्सिनोमा' या आजारामुळे. १५ आणि १९ क्रमांकांची गुणसूत्रे तुटून त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेल्या गाठींचे वर्णन १९९१ साली दोन वेगवेगळ्या गटांनी केले होते. रुग्ण तरुण वयाचे होते आणि आजार झपाट्याने वाढला होता. या अदलाबदलीत नेमकी कोणती जनुके गुंतली आहेत, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते. बोस्टन येथील डॉ. ख्रिस्तोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याचे उत्तर दिले. १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील बीआरडी-४ चा पुढचा भाग आणि १५ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील 'नट' या जनुकाचा जवळजवळ संपूर्ण भाग एकमेकांना जोडला जाऊन एक नवेच संयुक्त जनुक तयार झाले होते.

नट हे प्रथिन एरवी फक्त वृषणात तयार होते. शरीराच्या अन्य भागांत त्याला स्थान नाही. मात्र, बीआरडी-४ शी जोडले गेल्यावर ते भलत्याच पेशीत, भलत्याच जागी पोहोचते. संयुक्त प्रथिनातील बीआरडी-४ चा भाग ॲसिटिल खुणा असलेल्या जागी जाऊन बसतो. नटचा भाग 'पी-३००' नावाच्या विकराला तेथे ओढून आणतो आणि हे विकर आजूबाजूला आणखी ॲसिटिल खुणा लावते. नव्या खुणांवर संयुक्त प्रथिनाचे आणखी रेणू येऊन बसतात, ते आणखी विकर आणतात आणि हे चक्र चालूच राहते. परिणामी, गुणसूत्रांचे लांबच्या लांब पट्टे सतत उघडे राहतात. पेशीला वाढत राहण्याचा आदेश देणारे 'मिक' हे जनुक त्यामुळे बंदच होत नाही. पेशी परिपक्व होण्याचे थांबते आणि विभाजन तेवढे सुरू राहते.

या आजाराचे वेगळेपण येथेच आहे. बहुसंख्य कर्करोगांत धूम्रपान, वय, विषाणू अशा कारणांनी जनुकांत अनेक बिघाड साचत जातात. नट कार्सिनोमात या एका जोडणीपलीकडे फारसे बिघाड सापडत नाहीत. प्रयोगशाळेत या पेशींतील संयुक्त प्रथिन नाहीसे केले असता त्या पेशींची वाढ थांबली आणि त्या परिपक्व होऊ लागल्या. जनुकांचा बाकीचा मजकूर शाबूत असतानाही केवळ वाचन बिघडल्याने कर्करोग होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांमध्ये नटची जोडणी बीआरडी-४ शी झालेली असते. उरलेल्यांत बीआरडी-३ किंवा 'एनएसडी-३' यांसारखी जनुके तिच्या जागी असतात. विशेष म्हणजे, एनएसडी-३ हे प्रथिनही एरवी बीआरडी-४ शीच जोडीने काम करते.

जेक्यू-१ : खुली केलेली गुरुकिल्ली

ब्रोमोडोमेनच्या खाचेत एखादा लहान रेणू अडकवून ठेवला, तर बीआरडी-४ ला ॲसिटिल खूण पकडताच येणार नाही, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. ती प्रत्यक्षात आणली बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेतील डॉ. जेम्स ब्रॅडनर आणि ऑक्सफर्ड येथील स्टीफन नॅप यांच्या गटांनी. 'जेक्यू-१' या नावाचा हा रेणू २०१० साली 'नेचर' नियतकालिकातून जाहीर झाला. तो तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ जून ची यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. नट कार्सिनोमाच्या मानवी पेशी वाढविलेल्या उंदरांना हा रेणू दिल्यावर त्यांच्या गाठी आकसल्या. याच सुमारास ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही तशाच प्रकारचा रेणू दाह कमी करण्यासाठी वापरून पाहिल्याचे प्रसिद्ध केले.

नव्या औषधाचा रेणू हाती लागला की तो गुप्त ठेवायचा आणि त्याचे पेटंट पदरात पडेपर्यंत त्याविषयी वाच्यता करायची नाही, हा औषधनिर्मितीतील रिवाज. ब्रॅडनर यांच्या गटाने जेक्यू-१ ची रासायनिक रचना उघड केली आणि मागणी करणाऱ्या प्रयोगशाळांना त्याचे नमुने पाठविले. अल्पावधीत अमेरिका आणि युरोपातील डझनावारी प्रयोगशाळांत त्यावर काम सुरू झाले. दुर्मीळ आजारासाठी बनविलेला रेणू इतर कोणकोणत्या आजारांत उपयोगी पडू शकेल, हे एका प्रयोगशाळेला एकटीने शोधायला अनेक वर्षे लागली असती. खुल्या वाटपामुळे उत्तरे वर्षभरातच येऊ लागली.

'मिक'वर अप्रत्यक्ष घाव

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे उत्तर २०११ साली आले. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगातील पेशींवर जेक्यू-१ चा प्रयोग केला असता 'मिक' जनुकाचे काम मंदावल्याचे आढळले. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील ख्रिस्तोफर व्हाकॉक आणि सहकाऱ्यांनी वेगळ्याच मार्गाने हाच निष्कर्ष काढला. तीव्र स्वरूपाच्या मायलॉइड रक्तकर्करोगाच्या पेशींना जगण्यासाठी क्रोमॅटिनशी संबंधित कोणती जनुके अत्यावश्यक आहेत, याची त्यांनी एकेक जनुक निष्प्रभ करून छाननी केली. त्या छाननीत बीआरडी-४ ठळकपणे पुढे आले. इंग्लंडमधील संशोधकांनीही बालकांतील रक्तकर्करोगात आढळणाऱ्या एका प्रकाराबाबत असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या निष्कर्षांचे महत्त्व समजण्यासाठी 'मिक'ची ख्याती लक्षात घ्यावी लागते. अनेक कर्करोगांच्या मुळाशी असलेले हे जनुक अनेक दशके शास्त्रज्ञांना ज्ञात होते. पण त्याच्या प्रथिनाला औषधाचा रेणू धरून राहील अशी सोयीस्कर खाच नसल्याने ते औषधांच्या आवाक्याबाहेरचे मानले जाई. बीआरडी-४ ला रोखून 'मिक'चा आवाज कमी करता येतो, हे कळल्यावर मागच्या दाराने का होईना, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दिसली.

बीआरडी-४ पेशीत हजारो जागी बसते. मग त्याला रोखल्याने काही मोजकीच जनुके अधिक प्रमाणात का मंदावतात, या प्रश्नाचा शोध अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेतील रिचर्ड यंग यांच्या गटाने २०१३ साली घेतला. काही जनुकांच्या परिसरात बीआरडी-४ चे रेणू प्रचंड संख्येने दाटलेले असतात. अशा जागांना 'सुपर-एन्हान्सर' म्हटले जाते. पेशीची ओळख ठरविणारी जनुके आणि कर्करोगाच्या पेशीत कर्करोगाला पोसणारी जनुके नेमकी अशा जागांवर विसंबून असतात. जेथे गर्दी अधिक, तेथे औषधाचा परिणामही अधिक, असे त्यांना आढळले.

मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन, इरफान असंगानी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात बीआरडी-४ आणि पुरुषी संप्रेरकाचा ग्राही यांचा थेट संबंध दाखवून दिला. संप्रेरकविरोधी उपचारांना दाद न देणाऱ्या कर्करोगाचा बीआरडी-४ च्या बाजूने मुकाबला करण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

विषाणूंचाही आसरा

बीआरडी-४ गुणसूत्रांना चिकटून राहते, या गुणाचा लाभ काही विषाणू उठवितात. पॅपिलोमा विषाणू पेशीत शिरल्यावर पेशीच्या प्रत्येक विभाजनात आपला जनुकसंच दोन्ही नव्या पेशींत पोहोचेल, याची त्यांना तजवीज करावी लागते. गुरांमधील पॅपिलोमा विषाणूचे 'ई-२' हे प्रथिन बीआरडी-४ ला पकडते आणि गुणसूत्रांसोबत प्रवास करते, हे हार्वर्डमधील पीटर हॉवली यांच्या गटाने २००४ साली दाखविले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूंचे ई-२ प्रथिनही बीआरडी-४ शी जोडले जाते. विषाणूच्या स्वतःच्या जनुकांचे नियंत्रण करण्यासाठी त्याला या जोडणीचा उपयोग होतो.

निरोगी पेशींची गरज

बीआरडी-४ ला निव्वळ खलनायक ठरविणे चुकीचे होईल. हे जनुक पूर्णपणे नसलेले उंदरांचे गर्भ रुजल्यानंतर लवकरच नष्ट होतात. मानवातही या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीत बिघाड असल्यास कॉर्नेलिया डी लांगे या जन्मजात विकारासारखी लक्षणे दिसू शकतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या विकारात वाढ खुंटते आणि बौद्धिक विकासावर परिणाम होतो.

प्रौढ वयात या प्रथिनाचा पुरवठा कमी केल्यास काय होते, याचे उत्तर २०१४ सालच्या एका प्रयोगाने दिले. प्रौढ उंदरांतील बीआरडी-४ चे प्रमाण मुद्दाम घटविण्यात आले, तेव्हा त्यांच्या अंगावरील केस गळाले, त्वचा जाड झाली आणि आतड्यातील मूलपेशींची संख्या कमी झाली. प्रथिनाचा पुरवठा पूर्ववत केल्यावर हे परिणाम बऱ्याच अंशी मागे हटले. सतत नव्याने पेशी घडविणाऱ्या अवयवांना या प्रथिनाची अधिक गरज असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. कुटुंबातील बीआरडीटी हे प्रथिन शुक्राणूंच्या निर्मितीसाठी आवश्यक असल्याने जेक्यू-१ दिलेल्या नर उंदरांची प्रजननक्षमता थांबते आणि औषध बंद केल्यावर परत येते, असेही २०१२ साली दिसून आले.

इतकेच नव्हे, तर या प्रथिनाची दोन रूपे परस्परविरोधी परिणाम घडवीत असल्याचे पुरावेही आहेत. स्तनाच्या कर्करोगावर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आखूड रूप कर्करोगाला चालना देणारे, तर लांब रूप त्याला आळा घालणारे असल्याचे आढळले. दोन्ही रूपांत ब्रोमोडोमेन सारखेच असल्याने खाचेत बसणारे औषध या दोहोंत फरक करू शकत नाही.

रुग्णांवरील चाचण्या

जेक्यू-१ शरीरात फार लवकर नष्ट होत असल्याने तो औषध म्हणून वापरण्याजोगा नव्हता. मात्र, त्याच्या धर्तीवर अनेक कंपन्यांनी टिकाऊ रेणू तयार केले. त्यांपैकी 'बिराब्रेसिब' हे औषध नट कार्सिनोमाच्या चार रुग्णांना दिल्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील दोघांच्या गाठी वेगाने लहान झाल्या आणि तिसऱ्याचा आजार काही काळ स्थिर राहिला. बीआरडी-४ वरील औषध माणसातही परिणाम करते, याचा हा ठोस पुरावा होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आजाराच्या दहा रुग्णांपैकी तिघांना असा लाभ झाला. तथापि, लाभ टिकला तो काही महिनेच.

मर्यादा दोन बाजूंनी आली. एक म्हणजे दुष्परिणाम. या वर्गातील औषधांनी रक्तातील बिंबिकांची संख्या घटते, थकवा येतो, मळमळ आणि जुलाब होतात. त्यामुळे मात्रा एका पातळीपलीकडे वाढविता येत नाही. दुसरी म्हणजे कर्करोगाची चलाखी. बीआरडी-४ रोखले गेल्यावर रक्तकर्करोगाच्या काही पेशी 'डब्ल्यूएनटी' या दुसऱ्या संदेशमार्गाचा आधार घेऊन 'मिक' पुन्हा चालू करतात, असे २०१५ साली दोन संशोधक गटांनी दाखविले.

या औषधांना अधिक यश मिळाले ते अन्य औषधांच्या जोडीने. मायलोफायब्रोसिस या आजारात अस्थिमज्जेत तंतुमय ऊतक वाढून प्लीहा फुगते. 'पेलाब्रेसिब' आणि प्रचलित औषध 'रुक्सोलिटिनिब' एकत्र दिल्यास प्लीहेचा आकार किमान ३५ टक्क्यांनी कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के, तर केवळ रुक्सोलिटिनिब घेणाऱ्यांत ते सुमारे ३५ टक्के असल्याचे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली मांडण्यात आले. असे असले तरी २०२४ अखेरपर्यंत या वर्गातील एकाही औषधाला कर्करोगासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली नव्हती.

खाच अडविण्याऐवजी प्रथिनच नाहीसे करण्याचा मार्गही २०१५ पासून अजमावला जात आहे. पेशीत टाकाऊ प्रथिने मोडीत काढणारी यंत्रणा असते. एका टोकाने बीआरडी-४ ला आणि दुसऱ्या टोकाने या यंत्रणेला पकडणारा दुतोंडी रेणू तयार केल्यास प्रथिन थेट मोडीत निघते. ब्रॅडनर यांच्या गटाने असा रेणू बनविताना एका टोकासाठी थॅलिडोमाइडच्या रचनेचा वापर केला. गर्भवतींना दिले गेल्याने हजारो बालकांत व्यंगे निर्माण करून १९६१ साली कुप्रसिद्ध ठरलेले औषध ते हेच. निरोगी पेशींची गरज सांभाळण्याचा प्रश्न मात्र या मार्गावरही कायम आहे.

निदानाचे महत्त्व

औषधांचा शोध अपुरा असला, तरी बीआरडी-४ वरील संशोधनाचा एक लाभ रुग्णांपर्यंत पोहोचण्याजोगा आहे आणि तो म्हणजे निदान. नट कार्सिनोमा प्रामुख्याने छातीत, नाकाच्या पोकळ्यांत, घशाच्या परिसरात, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेलगत उद्भवतो. तो कोणत्याही वयात होत असला तरी किशोर आणि तरुणांमध्ये अधिक आढळतो. धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही. निम्म्याहून अधिक रुग्ण निदानानंतर वर्षभराच्या आतच दगावतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ अन्य अपरिपक्व कर्करोगांसारखीच दिसते. त्यामुळे फुप्फुसाचा किंवा नाकाच्या पोकळीतील साधा कर्करोग समजून उपचार सुरू होतात आणि मौल्यवान आठवडे निघून जातात.

खरे निदान करण्यासाठी प्रत्येक वेळी गुणसूत्रांची महागडी तपासणी करावी लागतेच असे नाही. नट हे प्रथिन वृषणाबाहेर एरवी आढळत नाही, हीच गोष्ट निदानाच्या कामी येते. नट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून गाठीच्या तुकड्याला रंग देण्याची पद्धत २००९ साली प्रसिद्ध झाली. पेशीकेंद्रकांत ठिपक्याठिपक्यांचा गडद रंग उमटला की निदान जवळजवळ निश्चित होते. याच प्रकारच्या प्रतिपिंड-रंजन तपासण्या स्तनाच्या आणि अन्य कर्करोगांसाठी रोगनिदान प्रयोगशाळांत नित्य केल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली फुप्फुसाच्या गाठींच्या वर्गीकरणात नट कार्सिनोमाला स्वतंत्र स्थान दिले.

अडचण येते ती तपासणी सुचण्याची. आजार दुर्मीळ असल्याने त्याची शंकाच घेतली जात नाही आणि शंका न घेतल्याने तो प्रत्यक्षात आहे त्याहूनही दुर्मीळ भासतो. नेमके निदान झाल्यास शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांचा क्रम लवकर ठरविता येतो. पसरलेल्या आजारात गाठ संपूर्ण काढता येत नसली, तरी स्थानिक अवस्थेतील आजारात ती पूर्णपणे काढता आलेल्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने अधिक असल्याचे नोंदींवरून दिसते. बीआरडी-४ ला रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत सहभागी होण्याचा मार्गही अशाच रुग्णांना खुला होतो. म्हणूनच मध्यरेषेलगतची, झपाट्याने वाढणारी आणि अपरिपक्व पेशींची गाठ आढळल्यास, विशेषतः रुग्ण तरुण व धूम्रपान न करणारा असल्यास, तिच्या तुकड्याची नट प्रथिनासाठी तपासणी करून घ्यावी, असे या आजाराचे तज्ज्ञ आवर्जून सांगतात.